लहान जातीचे पिल्लू वाढवताना या चुका टाळा

शिह त्झू, पॉमेरेनियन, माल्टीज, डॅशहुंड यांसारख्या लहान जातीचे कुत्रे नीट सांभाळले तर बारा ते पंधरा वर्षे सोबत करते. ग्रेट डेनसारख्या अवाढव्य जातींच्या वाट्याला एवढे आयुष्य क्वचितच येते. मात्र या दीर्घ आयुष्यातील कितीतरी दुखण्यांचे मूळ पहिल्या वर्षात असते. कोथरूडला माझ्या घरी लोक बाहेरगावी जाताना आपली लहान कुत्री ठेवून जातात आणि नवे पिल्लू आणलेली मंडळी सल्ला विचारायला येतात, त्यामुळे गेली अनेक वर्षे त्याच त्या चुका मी पाहते आहे. त्या करणारी माणसे बहुतेक वेळा अतिशय प्रेमळ असतात. एक किलोच्या जिवाला दहा किलोच्या जिवाचे नियम लावता येत नाहीत, एवढे त्यांना कोणी वेळेवर सांगितलेले नसते. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा एकच प्रश्न विचारते: आज सकाळी पिल्लाचे वजन किती भरले?

पहिली चूक पिल्लू घरी येण्याआधीच होते. ‘लहान असतानाच आणले की लळा लागतो’ या समजुतीपायी लोक पाच-सहा आठवड्यांचे पिल्लू उचलून आणतात. कुत्र्यांच्या पैदाशीसंबंधी केंद्र सरकारने 2017 साली केलेल्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही. लहान जातींच्या बाबतीत मी तर दहा-बारा आठवडे थांबायला सांगते, कारण तोवर पिल्लू घट्ट अन्न नीट खाऊ लागलेले असते आणि आईकडून व भावंडांकडून चावण्याची मर्यादाही शिकलेले असते. ‘टीकप’ नावाची कोणतीही मान्यताप्राप्त जात नाही. त्या नावाखाली विकले जाणारे पिल्लू बहुधा अशक्त, कमी वयाचे किंवा मुद्दाम खुजे पैदास केलेले असते, आणि त्यासाठी जास्त पैसे मोजणे म्हणजे दवाखान्याच्या वाऱ्या विकत घेणे होय.

‘भूक लागली की खाईल’

हे वाक्य ऐकले की मला धास्ती वाटते. लॅब्रॅडोरचे तीन महिन्यांचे पिल्लू एक वेळ जेवले नाही तर फारसे बिघडत नाही. एक किलोच्या पिल्लाच्या यकृतात मात्र साखरेचा साठा अत्यल्प असतो आणि त्याचे शरीर उष्णता झपाट्याने गमावते. सहा-आठ तास पोट रिकामे राहिले, त्यात घर नवे, थंडी किंवा जंत असे काही असले, तर रक्तातील साखर एकदम खाली जाते. पिल्लू आधी सुस्तावते, मग झोकांड्या खाते, थरथरते, त्यानंतर झटके येतात आणि उपचार न मिळाल्यास ते दगावते. साधारण चार महिन्यांचे होईपर्यंत हा धोका सर्वाधिक असतो.

एरंडवण्यातील एका कुटुंबाने असेच एक माल्टीजचे पिल्लू आणले होते. त्यांच्याकडे पूर्वी लॅब्रॅडोर होता, त्यामुळे आपल्याला सगळे ठाऊक आहे असा घरात विश्वास होता. नव्या जागेत बावरलेल्या पिल्लाने सकाळी नावापुरते तोंड लावले आणि दुपारचे खाणे तसेच ठेवले. संध्याकाळी सगळे मंगल कार्यालयात स्वागत समारंभाला गेले आणि वाटी भरून ठेवली आहे, भूक लागेल तेव्हा खाईल, या भरवशावर दार लावून निघाले. रात्री परतल्यावर घरातील सुनेचा मला फोन आला: ‘ताई, पिल्लू मान धरत नाहीये, कान गार लागतायत. झोपलंय असं वाटलं आम्हाला.’

मी तिला मध बोटावर घेऊन हिरड्यांना चोळायला सांगितले, आणि चमच्याने तोंडात काहीही ओतू नको असे दोनदा बजावले, कारण गिळण्याची शुद्ध नसलेल्या पिल्लाच्या फुप्फुसात ते जाते. कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शालीत पिल्लाजवळ ठेवायची आणि त्याच क्षणी दवाखान्याकडे निघायचे, एवढेच त्या वेळी करण्यासारखे होते. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर पहाटे ते पिल्लू उभे राहिले. दुसऱ्या दिवशी कुटुंबातील आजोबांनी मला विचारले, ‘यावर टॉनिक कोणतं द्यायचं?’ टॉनिक नको होते. दर तीन-चार तासांनी खाऊ घालणारे माणूस घरात हवे होते.

माझी स्वतःची पद्धत अशी आहे. तीन महिन्यांपर्यंतच्या लहान पिल्लाला मी दिवसातून पाच वेळा खायला घालते; शेवटचे खाणे रात्री अकराला आणि पहिले पहाटे साडेपाचला. त्यानंतर चार वेळा आणि सहा महिन्यांनंतर तीन वेळा. स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर टोपली ठेवून सकाळच्या खाण्याआधी त्याचे वजन करते आणि वहीत लिहून ठेवते. वाढत्या पिल्लाचे वजन सलग दोन दिवस घटले तर तिसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांकडे जाते. ज्यांना पहिले दोन महिने घरी कोणी थांबण्याची सोय करता येत नाही, त्यांनी इतके लहान पिल्लू आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते ऐकून काही जण नाराज होतात, तरी माझे मत बदलत नाही.

एक लस झाली म्हणजे सगळे झाले, हा समज

विक्रेता हातात एक कार्ड देतो, त्यावर एक तारीख असते, आणि लोक त्याच संध्याकाळी पिल्लाला सोसायटीच्या बागेत सोडतात. आईच्या चिकातून पिल्लाला मिळालेली प्रतिकारशक्ती काही आठवडे टिकते, आणि ती टिकून असेपर्यंत लशीचा परिणाम होऊ देत नाही. ती नेमकी कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचे वेगळे असते. म्हणूनच सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी लस पुन्हा दिली जाते आणि शेवटची मात्रा सोळा आठवडे पूर्ण झाल्यावरच द्यायची असते. मधली मात्रा चुकवली तर जी फट राहते, तिच्यातूनच पार्व्हो हा जीवघेणा विषाणू शिरतो. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर देतात आणि पुढे दर वर्षी चुकवायची नसते. महापालिकेचा श्वान परवाना काढतानाही तिची नोंद दाखवावी लागते. कार्ड पाहताना तारखेसोबत लशीच्या कुपीचे स्टिकर, त्यावरील बॅच क्रमांक आणि डॉक्टरांची सही आहे का ते तपासावे. नुसती पेनाने लिहिलेली तारीख मी लस म्हणून धरत नाही.

सिंहगड रस्त्यावरील एका घरात पॉमेरेनियनचे पिल्लू आणल्यानंतर चौथ्या दिवशी उलट्या आणि रक्ताचे जुलाब होऊन दगावले. पार्व्होची लागण झाल्यावर लक्षणे दिसायला साधारण तीन ते सात दिवस जातात, म्हणजे पिल्लू बहुधा रोग घेऊनच घरात आले होते. मुले रडत होती म्हणून आईवडिलांनी सगळे घर फिनाईलने पुसून घेतले आणि महिना उलटायच्या आत दुसरे पिल्लू आणले. ते पिल्लूही त्याच आजाराने गेले. त्या घरातील लोकांनी स्वच्छतेत कुठेही कसूर केली नव्हती, हे मी स्वतः पाहिले आहे. पण घरातल्या नेहमीच्या फिनाईलवर पार्व्होच्या बाबतीत भरवसा ठेवता येत नाही. हा विषाणू अत्यंत चिवट असून सावलीतल्या मातीत तो महिनोन्‌महिने टिकतो. त्यावर साधे ब्लीच चालते: आधी घाण साबणाने धुऊन काढायची, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी या मिश्रणाने फरशी दहा मिनिटे ओली ठेवायची, खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि त्यात फिनाईल किंवा ॲसिड मिसळायचे नाही. गाद्या, टोपल्या, खेळणी टाकून द्यायची. आणि अशा घरात यायचेच तर सर्व मात्रा पूर्ण झालेल्या, थोड्या मोठ्या पिल्लानेच यावे.

दुसऱ्या टोकाला जाऊन चार महिने पिल्लाला खोलीत कोंडून ठेवणेही चूकच आहे. तीन ते चौदा आठवड्यांच्या काळात जे आवाज, जी माणसे, ज्या जागा पिल्लू अनुभवते, त्यांची भीती पुढे राहत नाही. या काळात मी पिल्लाला झोळीत घेऊन फिरवते. त्याला रिक्षा, कुकरच्या शिट्ट्या, भाजीवाल्याची हाक हे सगळे कळू द्यावे, फक्त पाय जमिनीला लागू देऊ नयेत.

पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा विचार वेगळा करावा लागतो. उंदरांच्या मूत्रातून हा आजार साचलेल्या पाण्यात उतरतो आणि तो माणसांनाही होतो. लशीत त्याचा अंश आहे का, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे आणि नदीकाठच्या किंवा तळघरातील पार्किंगच्या पाण्यातून पिल्लाला चालवू नये.

मोठ्या कुत्र्याचे औषध अर्धे करून देणे

गोचिडांचे मोठ्या कुत्र्यासाठीचे औषध स्वस्त पडते म्हणून त्याचे भाग करून दोन किलोच्या पिल्लाला देणारे लोक मला दर उन्हाळ्यात भेटतात. या औषधांना किमान वय आणि किमान वजन ठरलेले असते, आणि गोळीचा तुकडा केल्यावर त्यात औषध समप्रमाणात येईलच याची खात्री नसते. जंतांचे औषधही असेच वजनावर मोजून, त्याच दिवशीच्या वजनावर मोजून द्यावे. पुण्यात आढळणारी तपकिरी गोचीड घरातच, भिंतीच्या फटींत आणि दाराच्या चौकटीमागे अंडी घालते, त्यामुळे केवळ कुत्र्यावर उपाय करून भागत नाही. तिच्यापासून होणाऱ्या तापात हिरड्या पांढुरक्या पडतात, खाणे सुटते, नाकातून रक्त येऊ शकते. अशा वेळी रक्त तपासण्याऐवजी घरातील तापाची गोळी देणे जीवघेणे ठरू शकते. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय कधीही देऊ नये.

तोंड न उघडणे

लहान जबड्यातही बेचाळीस दात बसायचे असतात, त्यामुळे या जातींमध्ये दातांची गर्दी होते. चार ते सात महिन्यांच्या दरम्यान दुधाचे दात पडतात, पण सुळे पुष्कळदा पडत नाहीत आणि नवा सुळा त्यांच्या शेजारी उगवतो. दोघांच्या मध्ये अन्न अडकते, हिरडी सडते, आणि पुढे पाचव्या-सहाव्या वर्षी दात हलू लागले की मालक म्हणतात, ‘त्याच्या तोंडाला जरा वास येतो, बाकी काही नाही.’ सात महिने झाले तरी दुधाचा सुळा जागेवर असेल तर तो डॉक्टरांकडून काढून घ्यावा. नसबंदीची शस्त्रक्रिया त्याच सुमारास असेल तर त्याच भुलीत हे काम होते. मी पहिल्या आठवड्यापासून रोज रात्री बोटाला ओला सुती कपडा गुंडाळून हिरड्या चोळते आणि नवे दात आल्यावर कुत्र्यांच्या टूथपेस्टने ब्रश करते. माणसांची टूथपेस्ट वापरू नये: तिच्यातील फ्लोराइड कुत्रे गिळते आणि काहींत झायलिटॉल असते, जे कुत्र्यांना विषारी आहे.

खाण्याबद्दल थोडक्यात. दूध-पोळीवर वाढलेल्या पिल्लाला प्रथिने आणि कॅल्शियम पुरत नाहीत आणि पुष्कळदा जुलाब लागतात. वाढ झालेल्या दोन किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण दीडशे ते दोनशे कॅलरी लागतात, आणि तूप लावलेली एक पोळीच शंभराच्या पुढे जाते; आजीने दिलेला चतकोर आणि मुलांनी दिलेले बिस्किट मोजले की वजन का वाढले ते कळते. गणपतीच्या दिवसांत शिऱ्यातील बेदाणे आणि पंचखाद्यातील मनुका यांपासून पिल्लाला दूर ठेवावे, कारण त्यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. कांदा, लसूण आणि चॉकलेटही वर्ज्य आहेत.

गळ्यात पट्टा बांधून ओढू नये, छातीचा हार्नेस वापरावा, कारण पॉमेरेनियनसारख्या जातींची श्वासनलिका नाजूक असते. सोफ्यावरून उड्या मारू देऊ नयेत आणि गुळगुळीत फरशीवर सतरंजी टाकावी. गुडघ्याची वाटी सरकणे हे या जातींचे नेहमीचे दुखणे आहे, आणि डॅशहुंडच्या पाठीच्या मणक्यांना तर उड्या फारच महाग पडतात. उन्हाळ्यात पॉमेरेनियनचे केस मुळापासून कापू नयेत, काहींचे पुन्हा नीट येत नाहीत. पग आणि शिह त्झू यांना एप्रिल-मेमध्ये सकाळी आठनंतर बाहेर नेऊ नये.

रात्री उघडा असणारा जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना कोणता, हे पिल्लू आणण्याआधी स्वतः जाऊन पाहून यावे आणि त्याचा क्रमांक घरातील प्रत्येकाच्या फोनमध्ये असावा, आजी-आजोबांच्याही, कारण दुपारी पिल्लाजवळ बहुधा तेच असतात.