स्पीकरची प्लस-मायनस जोडणी घरच्या घरी कशी तपासावी

स्टिरिओ चांगला आहे, आवाजही मोठा आहे, तरी ढोलकी पोकळ वाजते आणि गायक नेमका कुठे उभा आहे ते कळत नाही. अशी तक्रार असेल तर सोलापूरच्या नव्या पेठेत सबवूफरची (फक्त खालचे सूर वाजवणाऱ्या वेगळ्या स्पीकरची) चौकशी करायला जाण्याआधी स्पीकरच्या मागच्या वायरी बघा. हा दोष दूर करायला एक पैसाही लागत नाही.

दोन्ही स्पीकरचे पडदे एकाच वेळी पुढे आणि एकाच वेळी मागे गेले पाहिजेत. एकाच बाजूची वायर उलटी बसली, तर एक स्पीकर हवा पुढे ढकलतो तेव्हाच दुसरा ती मागे ओढतो. सर्वात जास्त नुकसान बेसचं, म्हणजे खालच्या सुरांचं होतं. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणून ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० कंपनांच्या लाटेची लांबी जवळजवळ ७ मीटर भरते. खोलीत दोन मीटरवर ठेवलेल्या दोन स्पीकरच्या एवढ्या लांब लाटा एकमेकींवर उलट्या पडून विरून जातात. बारीक सुरांच्या लाटा आखूड असल्यामुळे ते ऐकू येत राहतात. म्हणूनच हा दोष वर्षानुवर्षं लक्षात येत नाही.

आधी अँप बंद करा आणि प्लग काढा. वायरीच्या तारांचे सुटे केस एकमेकांना लागून शॉर्ट झाले तर अँपचा आउटपुट आयसी (स्पीकरला आवाज पुरवणारी चिप) जळू शकतो, म्हणून टोकं पीळ देऊन घट्ट करा. अँपच्या लाल टर्मिनलमधून निघालेली वायर स्पीकरच्या लाल टर्मिनललाच गेली पाहिजे, काळी काळ्याला. पारदर्शक वायरीत एक तार तांब्याच्या रंगाची आणि दुसरी चांदीसारखी असते. दोन्ही तारा एकाच रंगाच्या असतील तर एकीवर उभी रेघ किंवा कंगोरा असतो, तो बोटाने चाचपून पाहा. कुठली तार प्लसला लावायची ते तुम्ही ठरवा, पण दोन्ही बाजूंना तेच पाळा.

आता कानाने खात्री करा. अँपवर मोनोचं (दोन्ही स्पीकरना एकच आवाज देणारं) बटण असेल तर ते दाबा, नसेल तर आकाशवाणीच्या बातम्या लावा. दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर बसा. जोडणी बरोबर असेल तर निवेदकाचा आवाज दोन्हींच्या बरोबर मधून येतो. उलटी असेल तर तो खोलीभर पसरतो आणि डोक्याच्या आजूबाजूला फिरल्यासारखा वाटतो. शंका राहिली तर दोन्ही स्पीकर समोरासमोर, वीतभर अंतरावर ठेवून बेस असलेलं गाणं मोनोमध्ये वाजवा. मग अँप बंद करून फक्त एका स्पीकरच्या वायरी अदलाबदल करा आणि तेच गाणं, आवाज तेवढाच ठेवून, पुन्हा ऐका. ज्या जोडणीत बेस भरून येतो ती बरोबर. सोलापूरच्या पूर्व भागात शेजारी यंत्रमाग चालू असतील तर ही चाचणी सुट्टीच्या दिवशी घ्या, कारण त्या घरघरीत खालचे सूर बुडतात.

टर्मिनलचे रंग उडाले असतील तर स्पीकर अँपपासून सोडवा आणि दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. वूफरचा (खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा) पडदा बाहेर आला, तर सेलचा प्लस ज्या टर्मिनलला लागला ते स्पीकरचं प्लस. हे फक्त वूफरपुरतं. पेटी उघडून ट्विटरच्या (बारीक सुरांच्या छोट्या स्पीकरच्या) वायरी बदलू नका. वूफर आणि ट्विटर असलेल्या काही दोन-वे पेट्यांत क्रॉसओव्हरच्या (दोघांत सूर वाटून देणाऱ्या सर्किटच्या) रचनेमुळे ट्विटर मुद्दाम उलटा जोडलेला असतो.

दोन्ही स्पीकर एकदमच उलटे करून पाहिले तर? करून पाहायला हरकत नाही. काहींना तबल्याच्या थापेत फरक जाणवतो. मात्र मुळात रेकॉर्डिंगमध्येच सगळे माइक एका दिशेने जोडलेले असतील याची खात्री नसते, त्यामुळे एका गाण्यावरून ठरवू नका. वायरी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी बदलू द्या आणि तुम्ही न बघता ऐका. फरक सांगता आला नाही तर लालला लाल ठेवा.

सबवूफर असेल तर खरा प्रयोग तिथे आहे. त्याच्या मागे बहुधा ० आणि १८० असा फेजचा, म्हणजे लाट सुलटी की उलटी हे ठरवणारा खटका असतो. ८० हर्ट्झच्या लाटेची लांबी सुमारे सव्वाचार मीटर आहे, म्हणून सबवूफर स्पीकरपेक्षा दोनेक मीटर दूर ठेवला की त्याची लाट तुमच्यापर्यंत जवळजवळ उलटी पोहोचते. तुमच्या नेहमीच्या जागी बसून खटका दोन्हीकडे करून पाहा आणि बेस जास्त भरतो तिकडे ठेवा. सबवूफरची जागा बदलली की हे पुन्हा करायचं.

जोडणी नीट असूनही आवाज कर्कश वाटला, तर शहाबादी फरशी आणि उघड्या भिंतींकडे बघा. स्पीकर आणि तुमच्यामध्ये एक जाड सोलापुरी चादर दुमडून अंथरा, फरशीवरून उसळणारे बारीक सूर मवाळ होतील.

शेवटी प्लसच्या तारेला दोन्ही टोकांना लाल चिकटपट्टी गुंडाळा. दिवाळीच्या साफसफाईत स्पीकर हलतात, तेव्हा पुन्हा जोडणाऱ्याला विचारावं लागणार नाही.