कोरीडोरास पाळायचाय? मग आधी वाळू आणा

दुकानात "हा घ्या, तळ साफ ठेवतो" म्हणून एकच कोरीडोरास मासा, म्हणजे आपला कोरी, पिशवीत घालून देतात आणि सगळं तिथूनच बिघडतं. माझ्या पहिल्या कोरीच्या मिशा दोन महिन्यात झिजून नुसती खुंटं उरली होती, कारण खाली मी धारदार रंगीत खडी टाकलेली. अजून वाईट वाटतं त्याचं.

हा दक्षिण अमेरिकेतल्या नद्या-ओढ्यांच्या तळाशी थव्याने फिरणारा मासा. अंगावर खवले नाहीत, दोन्ही बाजूंना हाडाच्या पट्ट्यांच्या दोन-दोन ओळी, कौलं रचल्यासारख्या. खाताना तोंड वाळूत खुपसतो, खायचं तेवढं ठेवतो आणि बाकी वाळू कल्ल्यातून सोडून देतो. जवळून बघा, बारीक धार पडताना दिसते. खडीवर बिचाऱ्याला हे करताच येत नाही. म्हणून बारीक गोलसर वाळू घ्या, बादलीत पाणी नितळ येईपर्यंत धुवा (आठ-दहा वेळा तरी लागतं) आणि दोन-तीन सेंमीचा थर द्या.

टँक दोन फुटी तरी हवा आणि कोरी एकाच जातीचे किमान 6. एकटा कोरी कोपऱ्यात दडून बसतो, सहा असले की दिवसभर एकामागे एक हुंगत फिरतात. फिल्टर सुरू करून महिनाभर टँक सायकल होऊ द्या, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढू द्या, टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट शून्य आले की मगच मासे आणा, आणि नळाचं पाणी क्लोरीन काढल्याशिवाय घालू नका.

जात निवडताना आपला उन्हाळा धरूनच निवडा. पेपर्ड कोरी, ज्याचे नमुने डार्विनने बीगल जहाजाच्या सफरीत गोळा केले आणि 1842 ला वर्णन छापून आलं, तो दक्षिण अमेरिकेतल्या ला प्लाटा नदीच्या खोऱ्यातला, त्याला 20 ते 24 डिग्रीचं गार पाणी मानवतं. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात त्याचे हाल होतात. तिकडे स्टर्बाय जातीचा कोरी घ्या, तो 24 ते 28 मध्ये मजेत राहतो.

खाणं वेगळं द्यायचंच. दुसऱ्या माशांचं उरलंसुरलं खाऊन तो जगत नाही, आणि विष्ठा तर खातच नाही. रात्री लाईट बंद केल्यावर बुडणारे पेलेट टाका, आठवड्यातून एकदोनदा फ्रोझन ब्लडवर्म (गोठवलेल्या लाल अळ्या).

मधेच सुळकन वर जाऊन हवेचा घोट घेतो त्याला घाबरू नका, ती हवा तो आतड्यातून शोषतो. पण सगळेच सारखे वर जायला लागले तर लगेच पाणी तपासा. पकडताना जाळी नको, परांचे काटे अडकतात, डब्यात घ्या. घाबरला की विष सोडतो, बंद पिशवीत ते त्याच्याच जिवावर बेतू शकतं, त्यामुळे दुकानातून घरी येताना वाटेत रेंगाळू नका.

अंडी हवी असतील तर चांगलं खाऊ घालून मग थोडं गार पाणी घालून बदला, त्याला पहिला पाऊस आल्यासारखं वाटतं. मादी पोटाखालच्या परांची ओंजळ करून त्यात दोन-चार अंडी धरते आणि काचेवर नेऊन चिकटवते. ती बोटाने हळूच सोडवून वेगळ्या डब्यात ठेवा, हवेचा दगड (पंपाला जोडून बुडबुडे सोडणारा एअरस्टोन) सोडा आणि पांढरी पडलेली रोज काढत जा, नाहीतर बुरशी शेजारच्या अंड्यांना लागते. तीन-पाच दिवसात पिल्लं निघतात.