नोकरीसाठी सिंगापूरला जाताना: सही करण्याआधी आणि पहिल्या दोन महिन्यांत

सिंगापूर हे सुमारे ७३५ चौरस किलोमीटरचे बेट आहे आणि त्यावर साठ लाखांच्या आसपास माणसे राहतात. जागेला मर्यादा असल्यामुळे घरभाडे आणि खासगी मोटार या दोन गोष्टी तिथे कमालीच्या महाग आहेत. मेट्रो, बस, हॉकर सेंटरमधले, म्हणजे खाद्यपदार्थांच्या स्टॉलच्या सामायिक जागेतले, साधे जेवण आणि प्राप्तिकर मात्र त्या मानाने बेताचे आहेत. नव्याने जाणारी बरीच मंडळी कॉफीची आणि कोथिंबिरीची किंमत रुपयांत मोजत बसतात आणि दोन वर्षांच्या भाडेकरारावर मात्र तासाभरात सही करून मोकळी होतात. वास्तविक तिथला खर्च नोकरीचे पत्र, कामाचा पास आणि भाडेकरार अशा मोजक्या कागदांवरच ठरून जातो. त्यामुळे सारी सावधगिरी या कागदांच्या वेळी बाळगावी, एवढेच या लेखात सविस्तर सांगायचे आहे.

सुरुवात पासपासून करावी. पदवीधर व्यावसायिकांसाठी एम्प्लॉयमेंट पास असतो आणि त्याचा अर्ज कंपनीच करते. २०२५ पासून नव्या अर्जांसाठी मासिक पगाराची किमान अट ५,६०० सिंगापूर डॉलर आहे, वित्तीय क्षेत्रासाठी ती ६,२०० आहे, आणि उमेदवाराचे वय वाढेल तशी ही रक्कम वाढत जाऊन चाळिशीच्या मध्यावर १०,७०० पर्यंत पोहोचते. म्हणजे पंचविशीतल्या मुलाला ज्या पगारावर पास मिळतो, त्याच पगारावर चाळिशीच्या माणसाला तो मिळणार नाही. सप्टेंबर २०२३ पासून याशिवाय ‘कॉम्पास’ ही गुणांची पद्धत लागू झाली असून तिच्यात पगार, शिक्षण, कंपनीतील राष्ट्रीयत्वांचे वैविध्य आणि स्थानिकांना दिलेला रोजगार यांचे मिळून ४० गुण व्हावे लागतात. यातले दोन निकष तुमच्या हातात नसून कंपनीच्या स्थितीवर अवलंबून असतात. म्हणून मुलाखतीच्या शेवटच्या टप्प्यात, पासच्या शक्यतेचा अंदाज कंपनीने घेतला आहे का, हे स्पष्ट विचारावे. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

अर्ज मंजूर झाला की इन-प्रिन्सिपल अप्रूव्हल, म्हणजे तत्त्वतः मंजुरीचे पत्र मिळते आणि ते सहा महिने वैध असते. भारतात दोन ते तीन महिन्यांचा नोटीस पीरियड असतो, पण या सहा महिन्यांत तो आरामात बसतो. त्यामुळे हे पत्र हाती येण्यापूर्वी राजीनामा देऊ नये, मग नवी कंपनी कितीही घाई करो. पदवी प्रमाणपत्राची पडताळणी मागितली जाऊ शकते आणि आपल्या विद्यापीठांकडून तिला वेळ लागतो. ते काम आधीच सुरू केलेले बरे.

कुटुंब बरोबर न्यायचे असेल तर आकडा बदलतो. पती किंवा पत्नी आणि २१ वर्षांखालील मुलांसाठी डिपेंडंट्स पास मिळतो, पण त्यासाठी तुमचा निश्चित मासिक पगार किमान ६,००० डॉलर असावा लागतो. आईवडिलांना दीर्घ मुदतीच्या पासवर आणायचे असेल तर ही अट १२,००० डॉलरची आहे. पगाराची बोलणी ५,९०० वर थांबली असतील तर आणखी शंभर डॉलर मागण्याला किती अर्थ आहे, हे यावरून ध्यानात येईल. मे २०२१ पासून डिपेंडंट्स पासवर आलेल्या जोडीदाराला नोकरी करायची असेल तर स्वतंत्र कामाचा पास मिळवावा लागतो, त्यामुळे ‘तिथे गेल्यावर दुसरी नोकरी बघू’ या भरवशावर घरखर्चाचा हिशेब मांडू नये. जोडीदाराच्या करिअरचा प्रश्न निघण्यापूर्वी बोलून सोडवावा; एकाची बढती आणि दुसऱ्याची सक्तीची रजा असे घडले, तर त्याची किंमत कोणत्याही तक्त्यात न दिसता घरात मोजावी लागते. विवाहाचे प्रमाणपत्र मराठीत असेल तर त्याचे इंग्रजी भाषांतर करून घ्यावे. बारा वर्षांपर्यंतच्या, परदेशात जन्मलेल्या मुलांसाठी गोवर आणि घटसर्प यांच्या लसीकरणाची पडताळणी पासच्या अर्जाआधी लागते, म्हणून लसीकरणाचे कार्ड जपून ठेवावे.

आता पगाराच्या आकड्याकडे येऊ. प्रॉव्हिडंट फंडासारखी असलेली सीपीएफ योजना नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यासाठीच आहे. पासवर आलेल्या माणसाच्या पगारातून या योजनेसाठी काही कापले जात नाही आणि कंपनीही तिच्यात काही भरत नाही. हातात येणारी रक्कम त्यामुळे मोठी दिसते, पण म्हातारपणाची तरतूद संपूर्णपणे तुमच्यावर येते. वैद्यकीय विम्याचेही तसेच आहे. एम्प्लॉयमेंट पासवाल्या कर्मचाऱ्याचा विमा काढण्याची सक्ती कंपनीवर नाही आणि सरकारी रुग्णालयांतील सवलत परदेशी नागरिकांना मिळत नाही. कुटुंबासह असलेल्या माणसाने विम्याची कलमे, विशेषतः बाळंतपण आणि आधीपासूनचे आजार, नोकरीच्या पत्रावर सही करण्यापूर्वी वाचावीत. याच टप्प्यावर विमानभाडे, सामानाची वाहतूक आणि पहिल्या महिन्याभराची राहण्याची सोय मागून घ्यावी, कारण नोकरीवर रुजू झाल्यानंतर अशी मागणी सहसा मान्य होत नाही.

राहण्याची सोय मागावी, असे म्हणण्यामागे तिथला कायदा आहे. खासगी निवासी घर तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीने भाड्याने देता येत नाही आणि एचडीबी, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या घरासाठी ही मर्यादा सहा महिन्यांची आहे. एखाद्या कॉन्डोमधली, म्हणजे खासगी गृहसंकुलातली खोली तीन आठवड्यांसाठी कोणी देऊ केली, तर तो व्यवहार बेकायदेशीर समजावा. घर शोधण्याच्या काळात हॉटेल किंवा परवानाधारक सर्व्हिस्ड अपार्टमेंट हाच मार्ग उरतो आणि तो महाग आहे.

देशातले तीन चतुर्थांशाहून अधिक रहिवासी एचडीबीच्या इमारतींत राहतात. या इमारती स्वच्छ, स्टेशनजवळ आणि व्यवस्थित राखलेल्या असतात, त्यामुळे ‘सरकारी वसाहत’ म्हणून त्यांच्याकडे पाठ फिरवू नये. माझ्या मते पोहण्याचा तलाव आणि व्यायामशाळा यांसाठी कॉन्डोचे जादा भाडे मोजण्यापेक्षा पहिली दोन वर्षे एचडीबीत राहणे शहाणपणाचे आहे. जाहिरातीतला ‘फोर रूम’ फ्लॅट म्हणजे तीन बेडरूम आणि एक हॉल, आणि अशा घराचे भाडे अलीकडे साधारण ३,००० ते ३,८०० डॉलरच्या दरम्यान असते. एकट्या माणसाला खोली हजार डॉलरच्या आगेमागे मिळते, पण स्वयंपाकाची परवानगी आधी विचारावी. ‘लाइट कुकिंग’ म्हणजे बहुधा चहा, नूडल्स आणि फार तर अंडी, रोजची फोडणी नव्हे. काही घरमालक राष्ट्रीयत्व ऐकूनच नकार देतात. हे क्लेशदायक आहे, पण त्यात वेळ घालवू नये. घर पाहायला जाण्यापूर्वीच एजंटाला आपले राष्ट्रीयत्व, पासचा प्रकार आणि माणसांची संख्या कळवावी, म्हणजे निष्फळ फेऱ्या टळतात.

एजंट सीईए या नियामक संस्थेकडे नोंदलेला असावा लागतो आणि ही नोंद संस्थेच्या संकेतस्थळावर नाव किंवा फोन क्रमांक टाकून तपासता येते. एकाच व्यवहारात एकाच एजंटाला दोन्ही बाजूंचे काम करता येत नाही. तसेच एचडीबी घराच्या भाड्याच्या किंवा अनामतीच्या रकमेला एजंटाने हात लावणे निषिद्ध आहे. ते पैसे थेट मालकाच्या खात्यात जावेत. घर प्रत्यक्ष न पाहता भारतातून अनामत पाठवणे तर कटाक्षाने टाळावे. एचडीबी घर भाड्याने देण्याआधी मालकाला मंजुरी घ्यावी लागते आणि प्रत्येक वसाहतीत परदेशी भाडेकरूंची कमाल मर्यादा असते, म्हणून ती मंजुरी मिळाल्याची खात्री करावी.

घर पसंत पडले की आधी लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे घर घेण्याचा इरादा कळवणारे पत्र, आणि सोबत साधारण एका महिन्याचे भाडे दिले जाते. बहुतेकांना हे पत्र औपचारिकता वाटते, पण आपल्या अटी घालण्याची खरी जागा हीच आहे. पुढे टेनन्सी अ‍ॅग्रीमेंट, म्हणजे प्रत्यक्ष भाडेकरार येतो तेव्हा मालकाची बाजू वरचढ झालेली असते. सर्वांत महत्त्वाची अट म्हणजे डिप्लोमॅटिक क्लॉज. नोकरी गेली किंवा बदलीमुळे देश सोडावा लागला, तर बारा महिन्यांनंतर दोन महिन्यांची सूचना देऊन करार मोडता येतो, असे हे कलम सांगते. ते सहसा दोन वर्षांच्या करारातच मिळते आणि त्याचा अर्थ असा की पहिले वर्षभर तुम्ही बांधलेलेच असता. प्रोबेशनचा काळ मोठा असेल किंवा कंपनी नवखी असेल, तर भाडे थोडे अधिक पडले तरी एक वर्षाचा करार करावा. नोकरी स्थिर असेल तर दोन वर्षांचा करार या कलमासह घ्यावा. कलम नाकारणाऱ्या मालकाचे घर कितीही देखणे असो, ते सोडून द्यावे.

करारातल्या इतर ओळीही खिशाला लागतात. किरकोळ दुरुस्तीचा ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च भाडेकरूचा असतो. ती रक्कम किती, हे पाहावे. दर तीन महिन्यांनी एअर कंडिशनरची सर्व्हिसिंग स्वखर्चाने करून पावत्या जपाव्यात, कारण घर सोडताना मालक त्या मागतो. किल्ल्या मिळाल्या त्याच दिवशी भिंती, फरशी, ओटा, नळ आणि फर्निचर यांचे फोटो काढून मालकाला पाठवावेत. अनामत परत मिळताना होणारे बहुतेक वाद या एका सवयीने टळतात.

प्रत्यक्ष रोकड किती लागते ते पाहा. भाडे ३,३०० डॉलर आणि करार दोन वर्षांचा धरला, तर पहिल्या महिन्याचे भाडे आणि दोन महिन्यांची अनामत मिळून ९,९०० डॉलर होतात. एकूण भाड्याच्या ०.४ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे सुमारे ३१७ डॉलर. ते सहसा भाडेकरू भरतो आणि सहीनंतर १४ दिवसांत भरावे लागते. एजंटाला एक महिन्याचे भाडे द्यावे लागले, तर एकूण रक्कम साडेतेरा हजारांवर जाते. सात हजार डॉलर पगाराच्या माणसासाठी ही जवळजवळ दोन महिन्यांची कमाई आहे आणि ती पहिला पगार होण्याआधी लागते. कंपनीकडे पगाराची आगाऊ उचल मागता येते का, हे आधी विचारून ठेवावे. वीज, पाणी आणि गॅस यांचे खाते एसपी समूहाकडे उघडताना वेगळी अनामत द्यावी लागते.

घराची जागा निवडताना कचेरीपासूनचे अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये. मेट्रोच्या किती गाड्या बदलाव्या लागतात ते पाहावे. काम चांगी बिझनेस पार्कमध्ये असेल तर टॅम्पिनीस, सिमेई, पासिर रिस हा पूर्वेचा भाग सोयीचा पडतो आणि तिथे भारतीय कुटुंबेही बरीच आहेत. बेटाच्या दुसऱ्या टोकाला जुरोंगमध्ये घर घेऊन रोज चांगीला जाणाऱ्याचे दिवसाचे अडीच तास सहज जातात. एका फेरीचे भाडे साधारण एक ते अडीच डॉलर असते आणि संपर्करहित बँक कार्डाने प्रवास करता येतो. मोटारीचा विचार मात्र मनातून काढून टाकावा. ती दहा वर्षे चालवण्याच्या नुसत्या हक्कपत्राची, म्हणजे सीओईची किंमत अलीकडे कित्येकदा एक लाख डॉलरच्या आसपास गेली आहे, आणि गाडीची किंमत व कर त्यावर वेगळे.

मुलांच्या शाळेचा प्रश्न घराइतकाच खर्चिक असतो. सरकारी शाळांत परदेशी मुलांचा क्रम शेवटी लागतो, आणि फीदेखील त्यांना बरीच जास्त असते. सीबीएसई अभ्यासक्रमाच्या खासगी शाळा आहेत, पण एका मुलाची फी घराच्या भाड्यानंतरचा सर्वांत मोठा खर्च ठरू शकते. घर ठरवण्यापूर्वी शाळेतला प्रवेश पक्का करावा.

सामान बांधताना दोन-तीन गोष्टींची खबरदारी घ्यावी. खसखस तिथे अमली पदार्थविरोधी नियमांखाली निषिद्ध आहे, त्यामुळे आईने प्रेमाने दिलेले अनारसेही घरी ठेवावे लागतील. तपकीर, तोंडात ठेवण्याची तंबाखू, गुटखा आणि ई-सिगारेट यांवर सरसकट बंदी आहे. झोपेच्या गोळ्या किंवा कोडीनयुक्त औषधे नेण्यासाठी आधी परवानगी घ्यावी लागते. प्रवेशाचे एसजी अरायव्हल कार्ड आगमनापूर्वीच्या तीन दिवसांत सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य भरता येते. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे टाळावीत.

निघण्याची तारीख कराच्या दृष्टीनेही पाहावी. नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्याचा भारतातील मुक्काम त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी असेल, तर तो त्या वर्षासाठी अनिवासी ठरतो. म्हणून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत निघणे आणि ऑक्टोबरात निघणे यांत मोठा फरक पडू शकतो. गेल्यावर भारतातील बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासींचे साधे खाते, करून घ्यावे आणि परदेशातली कमाई भारतात पाठवण्यासाठी एनआरई हे अनिवासींचे दुसरे खाते उघडावे.

सिंगापूरमध्ये दरमहा पगारातून कर कापला जात नाही. वर्ष संपल्यावर एप्रिलमध्ये विवरण भरायचे आणि मग आयआरएएस या कर खात्याची मागणी येते, अशी पद्धत आहे. वर्षाला ८४,००० डॉलर मिळवणाऱ्या निवासी करदात्याचा कर सुमारे ३,७०० डॉलर होतो, म्हणजे अर्ध्या महिन्याच्या पगाराहून थोडा अधिक. पण ज्याने तो बाजूला काढलेला नसतो, त्याला तोही जड जातो. पहिल्या पगारापासून दरमहा सहा-सात टक्के वेगळ्या खात्यात टाकावेत, किंवा मागणी आल्यावर जायरोमार्फत, म्हणजे बँक खात्यातून आपोआप रक्कम वळती होण्याच्या सोयीने, बारा बिनव्याजी हप्ते घ्यावेत.

शेवटी, हा पास कंपनीशी बांधलेला असतो. नोकरी सुटली आणि पास रद्द झाला की साधारण ३० दिवसांचा अल्पमुदतीचा पास मिळतो आणि तेवढ्या काळात दुसरी नोकरी मिळवावी लागते किंवा देश सोडावा लागतो. त्याच वेळी कंपनीला कर खात्याकडे कळवून करपूर्तता होईपर्यंत तुमची देणी रोखून ठेवावी लागतात, म्हणजे शेवटचा पगार नेमका गरजेच्या वेळी हाती येत नाही. म्हणून तीन महिन्यांचे भाडे, परतीचे विमानभाडे आणि वर्षाच्या कराची रक्कम एवढे पैसे सिंगापूरमधल्याच खात्यात कायम ठेवावेत, आणि ती रक्कम जमेपर्यंत भारतात मोठी गुंतवणूक किंवा घराचा नवा हप्ता सुरू करू नये.