क्ले कोर्टवर पहिल्यांदा उतरताय? आधी पाय, मग रॅकेट

हार्ड कोर्टवर, म्हणजे सिमेंटसारख्या कडक कोर्टवर, तयार झालेला टेनिसपटू मातीच्या, म्हणजे क्ले कोर्टवर उतरला की पहिल्या अर्ध्या तासात दोन तक्रारी करतो. एक, "मारलेला प्रत्येक चेंडू परत येतोय." दुसरी, "पाय जागेवर थांबतच नाहीत." बहुतेक जण पहिलीवर उपाय शोधायला जातात, म्हणजे आणखी जोरात मारू लागतात. त्यानं फक्त चुका वाढतात. आधी दुसरी तक्रार मिटवायला हवी.

लाल क्ले कोर्टचा वरचा थर म्हणजे विटांचा बारीक चुरा. फ्रेंच ओपन जिथं होते त्या रोलाँ गॅरोसवर तो जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाड असतो, खाली दाबलेली चुनखडी. या थरावर चेंडूला घर्षण जास्त होतं. त्यामुळे त्याचा पुढं जाण्याचा वेग कमी होतो आणि टप्पा उंच उठतो. समोरच्याला चेंडूपर्यंत पोहोचायला वेळ मिळतो तो यामुळेच. वेगवान सर्व्हिसच्या जोरावर खेळणाऱ्या पीट सॅम्प्रासनं १४ ग्रँड स्लॅम जिंकली, पण फ्रेंच ओपन एकदाही नाही. १९९६ ची उपांत्य फेरी ही तिथली त्याची सर्वोत्तम कामगिरी. तेव्हा नुसत्या वेगावर भिस्त ठेवू नका.

१. बूट

क्लेच्या बुटाच्या संपूर्ण तळव्यावर नागमोडी खाचा असतात. त्या पकड देतात आणि हवं तेव्हा घसरूही देतात. धावण्याचे बूट अजिबात नकोत. घोटा मुरगळतो आणि कोर्टही उखडतं. खाचांत माती भरली की पकड जाते, म्हणून दोन गुणांच्या मध्ये रॅकेटच्या कडेनं तळव्यावर हलकेच ठोका. मोजे मात्र लाल होणारच.

२. रॅकेट बाजूला ठेवून घसरायला शिका

पहिल्याच दिवशी सामना लावू नका. अर्धा तास फक्त पायांना द्या.

सुरुवात सरळ पुढच्या दिशेनं करा, कारण तेव्हा पायाचा अंगठा आपोआप घसरण्याच्या दिशेला असतो. बेसलाइनवरून (कोर्टच्या मागच्या रेषेवरून) सावकाश धावत या, सर्व्हिस लाइनजवळ (जाळी आणि बेसलाइनच्या मधल्या रेषेजवळ) शेवटचं पाऊल लांब टाका, गुडघा वाकवा आणि पुढचा पाय सपाट ठेवून वीतभर घसरू द्या. मागच्या पायाची आतली कड जमिनीवरून ओढली जाईल, जाऊ द्या. घसरणारा पाय आडवा वळवू नका. त्याची कड मातीत रुतली की घोटा गेलाच.

हे जमलं की बाजूला. उजव्या हातानं खेळणाऱ्यानं फोरहँडच्या बाजूला धावताना शेवटचं पाऊल उजव्या पायाचं टाकायचं आणि त्यावर घसरायचं. मग रॅकेट घेऊन चेंडूशिवाय, आणि शेवटी जोडीदारानं हातानं टाकलेल्या चेंडूंवर.

इथली एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: घसरायचं ते फटका मारण्याआधी. घसरण संपता संपता रॅकेट चेंडूला लागली पाहिजे. नवखे आधी मारतात आणि मग घसरतात. तोवर शरीर कोर्टबाहेर निघालेलं असतं आणि मध्यभागी परतायला दोन-तीन पावलं जास्त लागतात.

रोज कोर्ट सारखं नसतं. नुकतंच पाणी मारलेलं असेल तर माती पाय धरून ठेवते. कोरडं पडलं की अंदाजापेक्षा पुढं नेते. रेषा प्लास्टिकच्या पट्ट्यांच्या असतील तर त्यांवर पाय जास्तच सटकतो. खेळण्यापूर्वी दोन-चार घसरण्या करून अंदाज घ्या. आणि प्रत्येक चेंडूला घसरायची हौस आवरा. जवळच्या चेंडूला लहान लहान पावलंच बरी.

३. आता फटके

बेसलाइनच्या एखादा मीटर मागं उभे राहा, नाहीतर उंच उठणारा चेंडू खांद्यापाशी येईल. जाळीवरून चांगली उंची ठेवून टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेनं फिरकी देणारा फटका, मारा. इथं तो टप्प्यानंतर आणखी उसळतो. डावखुऱ्या नदालचा तिरका फोरहँड फेडररच्या एकहाती बॅकहँडवर खांद्याच्या उंचीला चढायचा, आणि त्या जोडीच्या क्लेवरच्या सामन्यांचा निकाल बऱ्याचदा तिथंच लागायचा. प्रतिस्पर्ध्याचा बॅकहँड एकहाती असेल तर तुम्हीही हे करून पाहा.

पायांची जी अडचण तुम्हाला, तीच समोरच्यालाही. मातीवर दिशा बदलायला वेळ लागतो. तो मोकळ्या बाजूकडे धावत सुटला असेल तर चेंडू तो जिथून निघाला तिथंच मारा. तो फार मागं उभा राहत असेल तर ड्रॉप शॉट, म्हणजे जाळीलगत अलगद टाकलेला चेंडू. हार्ड कोर्टवर उद्दाम वाटणारा हा फटका इथं रोजच्या वापराचा आहे. सर्व्हिस वेगवान असण्यापेक्षा फिरकीची आणि कोपऱ्यात पडणारी असू द्या.

टप्पा कधीकधी वेडावाकडा येणार. त्यावर चिडून उपयोग नाही. रॅकेट थोडी लवकर मागं न्या आणि पाय हलते ठेवा.

४. चेंडूचा ठसा

पंच नसेल तर आपल्या बाजूचा निर्णय आपणच द्यायचा, पण इथं पुरावाही उरतो. "आउट" म्हटलंत आणि समोरच्यानं विचारलं तर ठसा दाखवता आला पाहिजे. तो तुम्हीच पुसलात तर निर्णयावरचा हक्क सोडल्यासारखं होतं. शंका असेल तर चेंडू आत धरा.

५. खेळ संपल्यावर

कोर्ट सारखं करणं हे खेळणाऱ्यांचंच काम. खोल गेलेले चरे आधी पायानं बुजवा. मग ओढायची जाळी घेऊन बाहेरच्या कडेपासून गोल फिरत आत या, म्हणजे माती कोर्टबाहेर जात नाही. बेसलाइनच्या मागची जागा विसरू नका, सगळ्यात जास्त तीच उखडते. शेवटी रेषा झाडून घ्या, आणि कोर्ट कोरडं पडलं असेल तर पुढच्या जोडीसाठी पाणी मारून ठेवा.