पहिला टॅरंटुला: आधी काय करू नये ते

पाळण्यासाठी टॅरंटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, निवडताना रंगाला भुलू नका. आशिया-आफ्रिकेतले टॅरंटुला वाऱ्यासारखे पळतात आणि त्यांचा चावा फार त्रासदायक असतो. नवशिक्यासाठी मध्य अमेरिकेतला कर्ली हेअर (टिलटोकॅटल अल्बोपिलोसस) उत्तम. तो संथ आणि काटक असतो, बारीकसारीक चुका सोसतो. मादी वीस वर्षंही जगू शकते. नर वयात आला की त्याचं आयुष्य थोडंच उरतं. ही जात साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट २ मध्ये आहे. त्यामुळे वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर भारतात तिची नोंदणी लागते. विक्रेत्याकडे कागद नसतील तर घेऊ नका. सह्याद्रीतल्या झाडांच्या ढोल्यांमधले पोसिलोथेरिया (आपल्याकडचे रानटी टॅरंटुला) पकडून आणायचा तर विचारही नको.

मोठ्या कोळ्याला ३० × २० सेंमीचा डबा पुरतो. खत न मिसळलेलं कोकोपीट भिजवून घट्ट पिळा, मोकळं करून वाळवा आणि १० ते १५ सेंमी जाडीचा थर दाबून भरा. थरापासून झाकणापर्यंतची उंची कोळ्याच्या पायांसकट लांबीच्या दीडपटीहून जास्त नको. उंच, ‘ऐसपैस’ डबा ही सगळ्यात महागात पडणारी चूक, कारण कोळी काचेवर चढतो, पडतो आणि पोट फुटून मरतो. झाकणाला जाळीही नको, तिच्यात नख्या अडकतात. समोरासमोरच्या दोन बाजूंना बारीक भोकं पाडली की हवा खेळते. लपायला नारळाची अर्धी करवंटी, प्यायला पाण्याची उथळ वाटी. वाटीत स्पंज ठेवू नका, तो कुजतो.

२२ ते २८ अंश तापमान पुरे, त्यामुळे दिवा किंवा हीटिंग पॅड लागत नाही. पावसाळ्यात फवारा बाजूलाच ठेवा. मुंबई-कोकणात हवाच इतकी ओली असते, की वाटीतलं पाणी पुरतं. वर शिंपडत राहिलात तर बुरशी आणि माइट (बारीक परजीवी किडे) हमखास. डासांची कॉइल, लिक्विड मशीन आणि झुरळांचा स्प्रे त्या खोलीत वर्ज्य. कीटक मारणारी औषधं कोळ्यालाही मारतात.

मोठ्याला आठवड्या-दहा दिवसांनी एखादा रातकिडा किंवा खाद्यासाठी वाढवलेलं झुरळ द्या. भक्ष्य कोळ्याच्या पोटापेक्षा मोठं नको. घरात सापडलेलं झुरळ टाकू नका, त्याच्या अंगात औषध असू शकतं. पिल्लांना चार-पाच दिवसांनी मारलेल्या किड्याचा तुकडा पुरतो. न खाल्लेलं २४ तासांत काढून टाका.

खाणं अचानक बंद झालं, पोट काळसर तुकतुकीत दिसू लागलं, की कात टाकायची वेळ जवळ आली समजा. मोठा कोळी या काळात महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतो. घाबरून किडा टाकलात तर तो किडाच मऊ पडलेल्या कोळ्याला कुरतडतो. कात टाकताना कोळी पाठीवर पडतो आणि तासन्‌तास तसाच राहतो. मेला समजून त्याला हलवू नका, उलटवू नका, फुंकरही घालू नका. मरणारा कोळी सहसा पालथाच असतो, त्याचे पाय पोटाखाली मुडपलेले असतात. तसं दिसलं तर आधी पाण्याची वाटी भरलेली आहे का ते पाहा. कातीनंतर सुळे पांढरे दिसतात, मग तांबूस, शेवटी काळे होतात. पूर्ण काळे होईपर्यंत, म्हणजे मोठ्याच्या बाबतीत साधारण दहा दिवस, खाणं नाही.

हातावर घेण्यात कोळ्याचा काहीच फायदा नाही. उत्तर-दक्षिण अमेरिकेतले बरेचसे टॅरंटुला मागच्या पायांनी पोटावरचे खाजरे केस उडवतात. डबा साफ करताना हातमोजे घाला, चेहरा लांब ठेवा आणि डोळ्याला हात लावू नका. केस डोळ्यात गेले तर न चोळता लगेच डॉक्टर गाठा. कोळी हलवायचा असेल तेव्हा त्याच्यासमोर प्लास्टिकचा पारदर्शक डबा आडवा धरा, मागच्या पायांना मऊ ब्रश हलकेच लावा, आणि तो आपणहून आत गेला की झाकण लावा. हे काम जमिनीवर बसून करा.