इंजिनियर खेळायचाय? आधी टेलिपोर्टर लावा

टीम फोर्ट्रेस 2 या दोन टीमच्या ऑनलाइन गोळीबाराच्या खेळात नऊ क्लास, म्हणजे निवडायची पात्रं, आहेत. नवा खेळाडू बहुतेक वेळा सोल्जर नाहीतर स्नायपर घेतो. मुंबईत बसून खेळणाऱ्यांना मात्र माझा आग्रह असतो की इंजिनियर मनापासून शिका, आणि त्याचं कारण अगदी व्यवहारी आहे. स्नायपर किंवा स्काउट खेळताना नेम तुमचा असतो आणि पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला सिग्नलला लागणारा वेळ) वाढला की तो नेम बिघडतो. इंजिनियरची सेंट्री, म्हणजे त्याने उभी केलेली स्वयंचलित बंदूक, स्वतः नेम धरते आणि तो सगळा हिशेब सर्व्हरवर होतो. जुलैच्या पावसात ब्रॉडबँड आचके देऊ लागलं किंवा सामना सिंगापूरच्या सर्व्हरवर लागला, तरी नीट लावलेली सेंट्री तितक्याच चपळाईने गोळ्या घालते.

खेळ 2007 सालचा आहे, 2011 पासून फुकट आहे आणि कमी सेटिंगवर साध्या कॉम्प्युटरवरही चालतो. त्यामुळे सुरुवात करायला वेगळा खर्च नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. सेंट्रीने किती जण मारले यावरून इंजिनियरची किंमत ठरवणं मला पटत नाही. तुमच्या टेलिपोर्टरवरून (मागच्या टोकावर चढलेल्याला क्षणात पुढच्या टोकाला पोचवणारं यंत्र) किती साथीदार वेळेत आघाडीवर पोचले आणि तुमच्या डिस्पेन्सरजवळ किती जण बरे होऊन पुन्हा लढायला गेले, त्यावर बहुतेक सामने ठरतात. खालची सगळी पद्धत याच समजुतीवर उभी आहे.

पायरी 1: मेटलचा हिशेब तोंडपाठ करा

मेटल म्हणजे बांधकामाचं सामान. इंजिनियरकडे ते एका वेळी जास्तीत जास्त 200 राहतं. सेंट्रीला 130 लागतं, डिस्पेन्सरला 100, टेलिपोर्टरच्या प्रत्येक टोकाला 50. प्रत्येक वस्तू तिसऱ्या लेव्हलपर्यंत नेता येते. एक लेव्हल वाढवायला 200 मेटल लागतं आणि पान्याच्या एका ठोक्याला 25 जातं, म्हणजे आठ ठोके. टेलिपोर्टरचं एक टोक वाढवलं की दुसरंही सोबत वाढतं. सगळं तिसऱ्या लेव्हलला न्यायचं तर सेंट्रीचे 530, डिस्पेन्सरचे 500 आणि टेलिपोर्टरचे 500, असे एकूण 1530 होतात. म्हणजे 200 चा साठा जवळजवळ आठ वेळा भरावा लागतो.

हे मेटल आणायचं कुठून? आपल्या स्पॉन रूममधलं (मेल्यावर पुन्हा जिवंत होतो ती खोली) कपाट साठा पूर्ण भरून देतं. मॅपवर पडलेल्या दारूगोळ्याच्या खोक्यांत लहान खोक्यातून साधारण 40, मधल्यातून 100 आणि मोठ्यातून 200 मिळतं. मेलेल्या खेळाडूचं खाली पडलेलं हत्यार उचललं तरी मेटल मिळतं, म्हणून जोरदार चकमक संपली की त्या जागेवरून एक फेरी मारून यावी. आणि चौथा मार्ग तुमचा स्वतःचा डिस्पेन्सर. तो दर पाच सेकंदांनी पहिल्या लेव्हलला 40, दुसऱ्याला 50 आणि तिसऱ्याला 60 मेटल देतो. नवखे इंजिनियर सगळं मेटल सेंट्रीत ओततात आणि डिस्पेन्सर पहिल्या लेव्हललाच ठेवतात. मग ऐन हल्ल्यात दुरुस्तीला मेटल उरत नाही.

कीबोर्डवर 4 दाबलं की बांधकामाची यादी उघडते: 1 सेंट्री, 2 डिस्पेन्सर, 3 टेलिपोर्टरचं प्रवेशद्वार, 4 बाहेर पडायचं टोक. 5 दाबलं की नको असलेली वस्तू लांबूनही पाडता येते. जागा ठरवताना माउसचं उजवं बटण दाबून वस्तू फिरवता येते. बांधून झालेल्या वस्तूजवळ जाऊन तेच बटण दाबलं की ती उचलून दुसरीकडे नेता येते.

पायरी 2: पहिलं मिनिट वाया घालवू नका

बचावाच्या बाजूला असाल तर फाटक उघडण्याआधी तयारीचा वेळ मिळतो. स्पॉन रूमच्या बाहेर, जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या नजरेत येईल पण पायात येणार नाही असं प्रवेशद्वार लावा. 50 गेले. परत आत जाऊन कपाटातून साठा भरून घ्या आणि ठरवलेल्या जागेकडे पळा. तिथे आधी डिस्पेन्सर लावा, म्हणजे 100 उरले. बाहेर पडायचं टोक लावा, 50 उरले. जवळचं मधलं खोकं उचललं की 150 होतात आणि त्यातून सेंट्री उभी राहते. बांधकाम चालू असताना पान्याने ठोकत राहिलात तर ते लवकर पुरं होतं. या क्रमाने गेलात तर फाटक उघडेपर्यंत चारही गोष्टी उभ्या असतात आणि डिस्पेन्सर मेटल द्यायला लागलेला असतो.

शत्रू आधीच दाराशी आला असेल तर हा क्रम सोडा आणि सेंट्री आधी लावा.

हल्ल्याच्या बाजूला असाल तर माझं मत ठाम आहे: पहिलं काम टेलिपोर्टर, दुसरं डिस्पेन्सर, सेंट्री जमली तर. पेलोडच्या मॅपवर हल्लेखोर टीमला एक गाडी ढकलत न्यायची असते; ती गाडी पुढे सरकत जाते तशी स्पॉनपासूनची चाल लांबत जाते. हेवीसारखा संथ खेळाडू मेला की परत चालत येण्यात त्याचा इतका वेळ जातो की तोवर आघाडीच मोडते. पहिल्या लेव्हलचा टेलिपोर्टर दर 10 सेकंदांनी एकाला पुढे पाठवतो, दुसऱ्या लेव्हलचा दर 5 आणि तिसऱ्याचा दर 3 सेकंदांनी. बारा जणांच्या टीममध्ये याचा फरक लगेच दिसतो. म्हणूनच व्हॉइस चॅटवर तुम्हाला सगळ्यात जास्त वेळा ऐकू येईल ते, ‘भावा, टेली लाव ना!’

बाहेर पडायचं टोक अगदी आघाडीच्या रेषेवर लावू नका. एक वळण मागे, भिंतीच्या आडोशाला लावा आणि बाहेर येणारा माणूस भिंतीकडे तोंड करून उभा राहणार नाही अशी दिशा ठेवा. ही दिशेची काळजी फार कमी जण घेतात.

पायरी 3: सेंट्रीची जागा

इथे घाई करू नका, कारण उरलेला सामना या एका निर्णयावर चालतो. सेंट्रीचा पल्ला 1100 युनिट आहे. त्यापलीकडे शत्रू समोर उभा असला तरी ती गप्प राहते. उलट सोल्जरचं रॉकेट, स्नायपरची गोळी आणि डेमोमॅनचे बॉम्ब त्याहून लांबून येऊ शकतात. म्हणून लांबलचक सरळ गल्लीच्या टोकाला लावलेली सेंट्री कितीही रुबाबदार दिसली तरी ती टिकत नाही.

दादर स्टेशनचा पूल आठवा. गर्दी जिन्याच्या तोंडाशी येऊन दाटते. जिन्यासमोर लांब उभा असलेला माणूस वरूनच सगळ्यांना दिसतो; जिन्याच्या बगलेत उभा असलेला माणूस मात्र खाली उतरल्यावरच दिसतो. सेंट्री त्या बगलेत हवी. शत्रूला ती दिसेल त्याच क्षणी तो तिच्या पल्ल्यात आलेला असला पाहिजे.

मागे भिंत असावी, पण तुम्हाला तिच्यामागे वाकून बसायला जागा उरावी. वरून बॉम्ब सोडता येतील असा सज्जा किंवा उघडी खिडकी डोक्यावर नसावी. डिस्पेन्सर सेंट्रीला खेटून लावू नका. डेमोमॅन एका वेळी आठ चिकटबॉम्ब पेरू शकतो आणि दोन्ही वस्तू शेजारी असल्या तर एका स्फोटात दोन्ही जातात. चार पावलं अंतर ठेवा आणि डिस्पेन्सर स्वतःच्या आडोशासाठी वापरा.

टू-फोर्ट या मॅपवर तीन-तीन इंजिनियर तळघरात, शत्रू पळवायला येतो त्या ब्रीफकेसशेजारी बसलेले दिसतात. एक सेंट्री तिथे असावी हे मान्य. पण दुसऱ्या इंजिनियरने वरचं अंगण किंवा जिन्याचा रस्ता धरला तर शत्रू तळघरापर्यंत पोचण्याआधीच दमतो. टीममध्ये दुसरा इंजिनियर असेल तर दोन सेंट्रींनी एकमेकींना कव्हर करावं. त्याच्या वस्तूंनाही तुमचा पाना चालतो. लेव्हल वाढवता येते, दुरुस्ती करता येते, सॅपर (वस्तू बंद पाडायला स्पाय तिच्यावर बसवतो ते यंत्र) काढता येतो.

पायरी 4: स्पाय

इंजिनियरचा खरा वैरी हाच. वेश बदललेल्या किंवा अदृश्य स्पायवर सेंट्री गोळी झाडत नाही. तो तुमच्या डिस्पेन्सरजवळ उभा राहून बरा होऊ शकतो. इतकंच काय, तुमच्याच टेलिपोर्टरवर चढून तुमच्या अड्ड्यात उतरू शकतो. पाठीत सुरा बसला की एका घावात मृत्यू, आणि लगेच सेंट्रीवर सॅपर.

ओळखायचं कसं? साथीदार एकमेकांच्या आरपार जातात, शत्रू जात नाही. कुणी ‘साथीदार’ तुम्हाला अडखळला तर तो स्पाय आहे. शंका आली की सरळ एक गोळी झाडा. साधारण सामन्यात आपल्या गोळीने साथीदाराला काही होत नाही, त्यामुळे संकोच नको. जो गोळीबार न करता तुमच्या पाठीमागे येऊन थांबतो, त्याच्यावर आधी संशय घ्या. सेंट्रीकडे टक लावून एकाच जागी उभे राहू नका. पाठ भिंतीला ठेवा, दर काही सेकंदांनी मागे वळा, अधूनमधून जागा बदला.

अदृश्य स्पाय प्रकट होताना आवाज येतो. घरात टीव्ही आणि पंखा चालू असताना स्पीकरवर तो ऐकू येणं कठीण आहे, म्हणून हेडफोन लागतोच. महाग नको, दोन्ही कानांत नीट दिशा कळेल असा साधा चालेल.

सॅपर बसल्यावर काय करायचं यावर दोन मतं आहेत. माझं असं: स्पाय हाताच्या अंतरावर असेल तर आधी शॉटगन, मग पाना. कारण तुम्ही एक सॅपर काढेपर्यंत तो दुसरा लावतो, नाहीतर तुमच्या पाठीकडे वळतो. तो पळालेला असेल तर आधी पाना. साध्या पान्याच्या दोन ठोक्यांत सॅपर निघतो. टेलिपोर्टरच्या एका टोकाला सॅपर लागला की दोन्ही टोकं बंद पडतात, पण तुम्ही जवळच्या टोकावरून तो काढलात की दुसरंही सुटतं.

आणि पायरोशी मैत्री करा. त्याच्या ज्वाळेने स्पायचा वेश लगेच उघडा पडतो. X आणि मग 2 दाबलं की तुमचा इंजिनियर ‘स्पाय!’ असं ओरडतो. आपल्याकडच्या सामन्यांत मराठी, हिंदी, इंग्रजी सगळं एकत्र चालतं, त्यात ही तयार आरोळी सगळ्यांना कळते.

पायरी 5: मोठा हल्ला आला की

मेडिकने यूबरचार्ज सोडला की तो आणि त्याचा साथीदार आठ सेकंद अभेद्य असतात. तिसऱ्या लेव्हलच्या सेंट्रीची मार सोसायची ताकद 216 असते. तुम्ही मागे बसून ठोकत राहिलात तर थोडी जास्त तगते, पण समोर यूबर असलेला डेमोमॅन असेल तर ती जाणार. अशा वेळी सेंट्रीसोबत मरू नका. मागे सरका, आठ सेकंद काढा. तुम्ही जिवंत असाल तर अड्डा पुन्हा उभा राहतो.

रँग्लर, म्हणजे सेंट्री हाताने चालवायचं यंत्र, मिळाला असेल तर इथे उपयोगी पडतो. तो हातात धरला की सेंट्रीभोवती कवच येतं आणि बसणारा मार दोन-तृतीयांशाने घटतो. शिवाय नेहमीच्या पल्ल्यापलीकडेही मारा करता येतो. पण नेम मात्र तुम्हाला धरावा लागतो, म्हणजे पिंगचा त्रास परत आला. रँग्लर खाली ठेवल्यावर सेंट्री 3 सेकंद निष्क्रिय असते, हेही लक्षात असू द्या.

नाका (ताब्यात ठेवायची जागा) हातचा जाणार असं दिसू लागलं की शेवटच्या क्षणाची वाट न बघता सेंट्री उचलून मागच्या नाक्यावर न्या. तिची लेव्हल कायम राहते. मात्र ती हातात असताना तुम्ही मेलात तर ती गेलीच, म्हणून वाट आधी मोकळी आहे का ते बघा.

घरची तयारी थोडक्यात: वायफायऐवजी लॅन केबल वापरा. चाळीच्या जाड भिंतींतून किंवा दोन खोल्या पलीकडून येणारा सिग्नल टिकत नाही. राउटर छोट्या यूपीएसवर ठेवला तर वीज क्षणभर गेली तरी सामना सुटत नाही. टॅब दाबून पिंग बघत राहा. सामना शोधण्याआधी सेटिंगमध्ये पिंगची मर्यादाही घालता येते. इंजिनियरचा प्रशिक्षण भाग खेळातच आहे, बॉट्सविरुद्ध ऑफलाइन सरावही आहे. सेंट्रीच्या जागा आधी तिथे पारखून घ्या.

किंग ऑफ द हिलच्या मॅपवर, म्हणजे मधली एकच जागा ताब्यात ठेवायची असते तिथे, वरचं गणित थोडं बदलतं. तिथे सगळं इतक्या झपाट्याने हलतं की मोठा अड्डा बांधायला उसंत मिळत नाही. पान्याऐवजी गनस्लिंगर हा यांत्रिक हात घेतलात तर 100 मेटलची छोटी सेंट्री भराभर उभी करता येते आणि तुमची ताकद 125 वरून 150 होते. छोट्या सेंट्रीची लेव्हल वाढत नाही, त्यामुळे वाचलेलं मेटल डिस्पेन्सर आणि टेलिपोर्टरवर घाला. गनस्लिंगर, रँग्लर आणि फ्रंटियर जस्टिस ही शॉटगन इंजिनियरचे ठराविक अचीव्हमेंट पुरे केल्यावर मिळतात.

अड्डा पूर्ण पडला आणि तुम्ही स्पॉनमध्ये परत आलात तर बाहेर धावण्याआधी स्क्रीनच्या कोपऱ्यातली तुमच्या वस्तूंची स्थिती बघा. बाहेरचं टोक शाबूत असेल तर साठा भरून टेलिपोर्टरनेच जा. ते गेलं असेल तर प्रवेशद्वार तसंच राहू द्या, त्याची लेव्हल टिकलेली असते. आघाडीच्या एक वळण मागे पोचलात की 50 मेटलमध्ये नवं टोक लावा, आणि टीम येऊ लागली की त्याच्याजवळ आडोशाला डिस्पेन्सर.