बाइटकोड इंटरप्रिटर वेगवान करणारा पॅच कसा तपासावा?

इमॅक्स वरवर संपादक दिसतो, पण त्याचा बराचसा कारभार लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेत चालतो. हे लिस्प कंपाइल झालं की त्याचा बाइटकोड, म्हणजे छोट्या सूचनांची यादी, होतो आणि सी भाषेतल्या ‘बाइटकोड.सी’ या फाइलीतला एक भलामोठा लूप, म्हणजेच इंटरप्रिटर, त्यातली एकेक सूचना उचलून पार पाडतो. या लूपला हात लावणारा पॅच (कोडमधला सुचवलेला बदल) आला की सगळे आधी ‘किती टक्क्यांनी वेगवान?’ असं विचारतात. मी तो आकडा शेवटी बघतो.

१. कोणतं काम टळलं ते शोधा. वेग वाढला म्हणजे कुठलं तरी काम वगळलं गेलं. २०२३ मध्ये आलेल्या इमॅक्स २९ चंच बघा. त्याआधी एका बाइटकोड फंक्शनने दुसऱ्याला बोलावलं की सीमधलं तेच मोठं फंक्शन स्वतःला पुन्हा बोलवायचं. आता इंटरप्रिटर स्वतःच्या स्टॅकवर (चालू फंक्शनांची मूल्यं ठेवायच्या रचलेल्या जागेवर) त्या फंक्शनसाठी नवी चौकट मांडतो आणि त्याच लूपमध्ये पुढे जातो. बदल सुरेख आहे, पण अशा ठिकाणी तीन प्रश्न विचारायलाच हवेत. सीच्या स्टॅकवरची मूल्यं गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी मोकळी करणारा भाग) आपणहून धुंडाळतो. या वेगळ्या स्टॅकची खबर त्याला कोण देतं? खोल कुठेतरी एरर उडाली, तर ती पकडणाऱ्या फंक्शनच्या चौकटीपर्यंत स्टॅक नीट मागे येतो का? आणि बॅकट्रेसमध्ये, म्हणजे कोणी कोणाला बोलावलं त्या यादीत, सगळी फंक्शनं पूर्वीसारखी दिसतात का? यातलं एक जरी सुटलं, तरी बिघाड कधी आणि कुठे उगवेल याचा नेम नाही.

२. जवळच्या वाटेचं टोक गाठा. बेरजेसारख्या सूचनांमध्ये छोट्या पूर्णांकांसाठी जवळची वाट ठेवलेली असते. ६४-बिट यंत्रावर असा सर्वांत मोठा पूर्णांक २३०५८४३००९२१३६९३९५१. त्यात एक मिळवून बघा. इमॅक्स २७ पासून उत्तर बिगनम (कितीही मोठा पूर्णांक) म्हणून अचूक यायला हवं. ऋण आकडा आला तर पॅच तिथेच परत पाठवा. मग त्याच सूचनेला दशांश संख्या द्या, मार्कर (मजकुरातली जागा दाखवणारी खूण) द्या आणि शेवटी एखादी स्ट्रिंग देऊन एरर पूर्वीचीच येते ना, ते पाहा.

३. चालू काम थांबवणारी कंट्रोल-जी दाबा. लूपमध्ये मागे उडी मारताना इंटरप्रिटर अधूनमधून ‘वापरकर्त्याने थांब म्हटलंय का?’ हे तपासतो. वेगाच्या नादात हीच तपासणी उडवण्याचा मोह होतो. कधीच न संपणारा रिकामा लूप चालवा आणि तो थांबवता येतो का बघा. त्यानंतर ‘मेक चेक’ने इमॅक्सच्या नेहमीच्या चाचण्या चालवा.

४. मोजताना इंटरप्रिटरच मोजा. इमॅक्स २८ पासून नेटिव्ह कंपायलेशन आहे आणि इमॅक्स ३० मध्ये लागणारी लायब्ररी सापडली तर ते आपोआप चालू होतं. मग तुमचा कोड थेट यंत्रभाषेत धावतो आणि तपासायचा लूप बाजूलाच राहतो! म्हणून जुनी आणि नवी, दोन्ही बांधणी नेटिव्ह कंपायलेशन बंद ठेवून, एकाच कंपायलरने, त्याच ऑप्टिमायझेशन पर्यायांनी करा. चाचणीचा कोड बाइट-कंपाइल करायला विसरू नका, नाहीतर कंपाइल न केलेला कोड चालवणाऱ्या ‘इव्हल’चाच वेग मोजत बसाल.

इमॅक्समधलं वेळ मोजणारं ‘बेंचमार्क-रन’ तीन आकडे देतं: एकूण वेळ, कलेक्टर किती वेळा धावला आणि त्यात गेलेला वेळ. तिसरा पहिल्यातून वजा करा. बऱ्याचदा ‘सुधारणा’ म्हणजे कलेक्टर एखादी फेरी कमी धावलेला असतो. आलटून पालटून अनेकदा मोजा. लॅपटॉप तापला की प्रोसेसरचं घड्याळ मंदावतं.

फिबोनाची आकडे काढणाऱ्या नेहमीच्या चाचणीवर भाळू नका. त्यात फंक्शन-कॉल आणि थोडी बेरीज-वजाबाकी, बस्स. एल्पा या इमॅक्सच्या पॅकेज-संग्रहातल्या ‘एलिस्प-बेंचमार्क्स’ पॅकेजमध्ये बरीच वेगवेगळी कामं आहेत, ती सगळी चालवा आणि मंदावलेल्या ओळी आधी वाचा. त्यांचं कारण सापडत नसेल, तर ‘पर्फ’ हे मोजणीचं साधन लावून वेळ कुठे जातो ते पाहा.

५. शेरा लिहिताना पॅचमध्ये तीन युक्त्या एकत्र कोंबल्या असतील, तर त्या वेगळ्या कमिटमध्ये मागा. एकीने वाढवलेला वेग दुसरीने खाल्लेला असू शकतो, आणि एकत्र मोजल्यावर ते दिसत नाही.